सहदेवराव उठले किंवा कसे

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी महाडच्या सावित्री मित्रमंडळाच्या माडीवर, मेंढीकोटाच्या अंतिम सामन्यात, शेवटचे दोन हात राहिले असताना सहदेवराव सकपाळ जागेवरून उठले. काहींच्या मते उठले नाहीत. माडीवर त्या वेळी तीसेक माणसे होती आणि प्रत्येकाने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. एकमत होण्याची शक्यता तिथेच संपली.

मेंढीकोट ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगायचे तर चौघे खेळतात आणि समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू असतात. पत्त्यांतल्या चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीने जास्त मेंढ्या धरल्या ती जिंकली. त्या घटकेला सहदेवरावांच्या जोडीकडे दोन मेंढ्या होत्या, समोरच्या पोलादपूरच्या जोडीकडे एक होती, आणि चौथी, हुकमाचीच, खुद्द सहदेवरावांच्या हातात होती. तिच्या शेजारी हुकमाचा एक्का होता आणि पहिले पान टाकायची उतारीही त्यांचीच होती. एक्का टाकायचा, पोलादपूरकडची राणी पाडायची आणि मागून मेंढी आणायची, एवढेच काम उरले होते. बक्षीस म्हणून दोघा भिडूंना एकेक पितळी घंगाळ मिळणार होते. सहदेवरावांचे भिडू सयाजी चोरगे, एस.टी. स्टँडवरचे कंट्रोलर. त्यांच्या घरी न्हाणीतली जागा कालच घासून ठेवली होती.

सहदेवराव मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. स्पर्धेचे नियम त्यांनीच लिहिले होते. आदल्या वर्षी एक गृहस्थ दर डावाला पाणी प्यायच्या निमित्ताने उठत आणि तांब्यापर्यंत जाता-येता तिघांची पाने वाचत. त्यांच्यासाठी सहदेवरावांनी नववा नियम घातला होता: ‘डाव चालू असताना कोणत्याही खेळाडूने जागेवरून उठू नये. उठल्यास त्याच्या जोडीने डाव गमावला असे समजावे.’ सगळे नियम पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगले होते. येणाराजाणारा ते वाचून म्हणे, “कचेरीतला माणूस तो कचेरीतला माणूस!” सहदेवराव ते ऐकून न ऐकल्यासारखे करत आणि पुठ्ठा सरळ करत.

तर चार वाजून दहा मिनिटांनी जिन्यातून आधी एक लाल फेटा वर आला आणि फेट्याखालून गोमाजीराव उतेकर आले.

गोमाजीराव म्हणजे पोलादपूरच्या पुढचे, आंबेनळी घाटाखालच्या वाडीतले बडे खातेदार. त्यांचा मुलगा मुंबईला फिटर होता. त्याला सहदेवरावांच्या मुलीचे, आवडीचे, स्थळ सांगून आले होते. पत्रिका जुळली होती, मुलगी पसंत होती, माघात साखरपुडा करायचा एवढे ठरले होते. वरबाप दारात आला की मुलीच्या बापाने उठून, दोन पावले पुढे जाऊन, दोन्ही हातांनी राम राम घालायचा. हे कोणी कोणाला शिकवत नाही. त्या खोऱ्यात पाच वर्षांचे पोरही पाहुणा दिसला की उठते.

सहदेवराव उठू लागले. त्यांनी ठरवून काही केले नाही, फेटा दिसला आणि मांडी आपोआप सुटली. उजवा गुडघा सतरंजीवर टेकला, डावे पाऊल रोवले गेले, शरीराचा मधला भाग सतरंजीपासून सुटला. नेमका तिथे त्यांना समोरचा पुठ्ठा दिसला.

ते थांबले. त्याच अवस्थेत, पाने छातीशी धरून, त्यांनी एका हाताने राम राम घातला.

“उठला!” पोलादपूरचा पांडू ओरडला. तो सहदेवरावांच्या डाव्या हाताला, खांबाच्या आड बसला होता. त्याला दार दिसत नव्हते, फक्त सहदेवराव दिसत होते. “उठला रे उठला! डाव गेला!”

“कुठं उठले?” सयाजी म्हणाले.

गोमाजीरावांनी सहदेवरावांकडे पाहिले. डोक्यापासून नव्हे, मधल्या सुटलेल्या भागापासून पाहायला सुरुवात केली आणि वर गेले. मग ते म्हणाले, “चालू द्या.” आणि जिना उतरून गेले.

आजवरच्या नोकरीत सहदेवरावांनी बदलीचे, चौकशीचे, एकदा पगार रोखल्याचेही हुकूम वाचले होते. ‘चालू द्या’ या दोन शब्दांइतका धक्का त्यांना कशानेही बसला नव्हता. ते मटकन खाली बसले, आणि पांडूने ताबडतोब सर्वांच्या लक्षात आणून दिले की माणूस उठलेला असल्याशिवाय बसू शकत नाही.

पंच होते भागोजीराव. मोजणी खात्यात आयुष्य गेलेले, आता निवृत्त. दोन भावांच्या बांधावरून कोयते निघालेले पाहूनही ज्यांनी साखळी खाली ठेवली नाही, असा त्यांचा लौकिक होता. त्यांनी चौघांच्या हातातली दोन-दोन पाने चार पाकिटांत घालून लाखेची मोहर केली आणि जाहीर केले, “डाव संपलेला नाही. स्थगित आहे.” मग चष्मा काढून त्यांनी सहदेवरावांना विचारले, “नियम तुम्ही लिहिलात. उठणे म्हणजे तुम्हाला काय अभिप्रेत होतं?”

 तेवढ्यात सहदेवरावांना कळून चुकले होते. उठलो म्हणावे तर घंगाळ गेले, आणि सयाजीही गेले. नाही उठलो म्हणावे तर महाडच्या भर माडीवर, तीस माणसांसमक्ष, वरबापाला बसून राम राम घातल्याचे कबूल केल्यासारखे होते.

“मुदत मिळावी,” ते म्हणाले.

घरी आनंदीबाई ओसरीवरच उभ्या होत्या. “अहो, मीच त्यांना तिकडं पाठवलं. म्हटलं, चार माणसांत बसलेत, बघून बरं वाटेल. चहासुद्धा न घेता गेले. तुम्ही उठला नाहीत म्हणे?”

“उठलो होतो.”

“मग डाव गेला?”

“तसं नाही म्हणता येणार.”

शेजारच्या चंद्राबाई कुडावरून डोकावल्या. त्यांना बोलवावे लागत नसे. “आनंदे, येवढं मनाला लावून घेऊ नको गो. पौष चालू हाय. पौषात लग्नाचं बोलत नायत, मग पौषात आलेला इवाई हा इवाई कसा? बाजाराला आला, वाटेत डोकावला. त्येला मान कसला?”

हा मुद्दा सहदेवरावांना एकदम पटला. त्यांनी तो कागदावर टिपून घेतला. पण चंद्राबाईंचे संपले नव्हते. “आमच्या थोरल्याच्या वेळी असंच झालं. पौषात आले, आम्ही साधं पाणी दिलं.”

“मग?”

“मग काय, मोडलं.”

सहदेवरावांनी टिपण खोडले.

आवडी आतून भांडी घासताघासता म्हणाली, “बाबा, पाय घसरला म्हणून सांगा ना. पडताना माणूस उठतही नाही नि बसतही नाही.”

 उपाय खरोखर निर्दोष होता. मग आनंदीबाई म्हणाल्या, “व्याह्यांच्या पायाशी मुलीचा बाप पडला! गावभर काय सांगतील?” आणि तोही गेला.

सोमवारी सकाळी कचेरीत जायच्या आधी सयाजी आले. त्यांचा चेहरा एखादी गाडी दरीत गेल्यासारखा होता.

“सकपाळ, मी रात्रभर विचार केला. तुम्ही उठला नाहीत. माझ्या स्टँडवर रोज हाच तंटा असतो. पॅसेंजर खिडकीतून पोराला घ्यायला अर्धा उठतो, दुसरा म्हणतो सीट सोडली. आम्ही काय बघतो? रुमाल. रुमाल सीटवर असेल तर माणूस बसलेला आहे. तुमचा रुमाल सतरंजीवर होता.”

“पण गोमाजीराव—”

“ते माडीवर पॅसेंजर म्हणून आले नव्हते, त्यांना रुमालाचं काय? सकपाळ, बायकोनं घंगाळात घालायला तांब्यासुद्धा काढून ठेवलाय हो.” सयाजी ओसरीच्या कडेवर टेकले. “सात वर्षं मी तुमचा भिडू आहे. तुमच्या डोळ्यावरून मला तुमचं पान कळतं. आज मला तुमच्या डोळ्यांत काय दिसतंय ते बोलायला लावू नका.”

कचेरीत त्या दिवशी अर्ज कमी आणि मते जास्त आली. शिरस्तेदारांचे म्हणणे, नियमात ‘पूर्णतः’ हा शब्द हवा होता. एका तलाठ्याने विचारले, गुडघा टेकलेला असताना देवापुढे माणूस उठलेला असतो की बसलेला? पट्टेवाल्याने प्रत्यक्ष करून दाखवले, ते इतके वेगळे होते की सहदेवरावांना अपमान वाटला. वीस वर्षे त्यांनी हजारो अर्जांवर ‘अर्थ स्पष्ट नाही, परत’ असा शेरा मारला होता. त्या लोकांचे पुढे काय होत असेल हा विचार त्यांच्या मनात प्रथमच आला, आणि त्यांनी तो शिस्तीने बाजूला सारला.

बुधवारी रजेचा अर्ज टाकून ते पोलादपूरच्या गाडीत बसले, तिथून पुढे घाटाच्या रस्त्याने गोमाजीरावांच्या वाडीला गेले. हातात पेढ्यांचा पुडा होता. गोमाजीराव अंगणात बाजेवर बसले होते. सहदेवरावांना पाहून त्यांनी दोन्ही हात बाजेवर टेकले, बैठक चार बोटे वर उचलली, तिथे थांबवली, आणि एक हात उचलून म्हणाले, “राम राम.”

मग परत बसले.

“सांगा पाव्हणं,” ते म्हणाले, “मी उठलो का नाय?”

सहदेवरावांनी पुडा पुढे केला. “मी उठत होतो हो. मनापासून उठत होतो. मध्येच तो नियम आठवला.”

“नेम कुणी केलावता?”

“मीच.”

“हां.” गोमाजीरावांनी चंची उघडली. “माझं सोताचं काय म्हननं नाय बघा. पोरगी चांगली हाय, तुम्ही चांगलं हाव. पर भावकी इचारते, सकपाळ उठलं का? मी म्हनतो, उठल्यावानी वाटलं. भावकी म्हनते, वाटलं म्हंजी काय? हितं बैल जरी घेतला तरी उभा करून बघत्यात.”

“पण पांडू सांगतोय की मी उठलो! तो तर तुमच्याच—”

“माझा सख्खा भाचा हाय तो. पर त्येला घंगाळ पायजे. त्येची साक्ष कुत्रं खाईना.” गोमाजीरावांनी पान लावले. “तुमच्या पंचानं सांगू द्या. मोजनीवाला हाय, खोटं बोलनार नाय. त्यो म्हनला उठले, की आम्ही माघात येतो. नाय म्हनला, की मंग तुमची पोरगी तुमच्या घरी, आमचा पोरगा आमच्या घरी.”

पेढे त्यांनी ठेवून घेतले. हे चांगले लक्षण की वाईट, यावर सहदेवराव परतीच्या गाडीत पोलादपूरपासून महाडपर्यंत विचार करत राहिले.

त्याच संध्याकाळी त्यांनी भागोजीरावांचे घर गाठले. त्यांच्या डोक्यात कचेरीतली वहिवाट होती: दाखला नेहमी अमुक एका कामाकरिता दिला जातो आणि दुसऱ्या कामी तो चालत नाही. तेव्हा पंचांनी दोन दाखले द्यावेत. एक, ‘श्री. सकपाळ उठले, फक्त विवाहाच्या कामाकरिता.’ दुसरा, ‘श्री. सकपाळ उठले नाहीत, फक्त मेंढीकोटाच्या कामाकरिता.’

भागोजीरावांनी हे शांतपणे ऐकून घेतले. त्यांच्या कानांच्या पाळ्या मात्र लाल होत गेल्या.

“सकपाळ, तीस वर्षांत मला लोकांनी कोंबड्या देऊ केल्या, तुपाचे डबे देऊ केले. पण एकच शेत एका भावासाठी आठ गुंठे आणि दुसऱ्यासाठी दहा गुंठे मोजा, असं सरकारी नोकरानं तोंडावर सांगावं!” ते उभे राहिले. पूर्ण उभे राहिले. “रविवारी मोजणी होईल. जागेवर. सर्व लगतधारक, म्हणजे दोन्ही बाजूंची माणसं, हजर राहतील.”

रविवारी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात बायका बसल्या होत्या. सगळ्यात वरच्या पायरीवर चंद्राबाई होत्या आणि खालच्यांना काय चालले आहे ते सांगत होत्या, काही वेळा घडण्याच्या आधीच. सतरंजी तीच होती. भागोजीरावांना फीत धरायला चारी बाजूंनी मोकळी जागा हवी होती, म्हणून त्यांनी सतरंजी खांबापासून हातभर पुढे ओढून घेतली. त्यांनी पाकिटांच्या मोहरा फोडल्या, चौघांना ज्याची त्याची पाने परत दिली आणि चौघांना आपापल्या जागी बसवले. मग पद्धत समजावून सांगितली. सहदेवराव बसलेले असताना डोक्याची उंची घ्यायची. उभे असताना घ्यायची. दोहोंच्या मध्यावर भिंतीवर खडूने हद्द काढायची. त्या दिवशीच्या अवस्थेत डोके हद्दीच्या वर गेले तर उठले, खाली राहिले तर बसले.

पद्धत इतकी न्याय्य होती की दोन्ही बाजूंना भीती वाटली.

“घ्या अवस्था,” भागोजीराव म्हणाले.

सहदेवरावांनी मांडी सोडली. उजवा गुडघा टेकला, डावे पाऊल रोवले, मधला भाग सोडवला, पाने छातीशी धरली.

“जास्त वर व्हता!” पांडू म्हणाला.

“खाली! याच्या बरंच खाली!” सयाजी म्हणाले. “सकपाळ, आठवा. रुमाल आठवा!”

“वर व्हा हो!” जिन्यातून आनंदीबाईंचा आवाज आला. सयाजींनी वळून त्यांच्याकडे असे पाहिले की सात वर्षांची मैत्री त्यात दिसली आणि संपलीही.

सहदेवराव हलले नाहीत. खरे सांगायचे तर त्यांना स्वतःलाच आठवत नव्हते. त्या दिवशी आपण कुठे थांबलो होतो, हे सोडून त्या दिवसाचे सर्व काही त्यांना लख्ख आठवत होते.

“हलू नका आता,” भागोजीराव फितीचे टोक त्यांच्या टाळूवर ठेवत म्हणाले. “हललात तर पहिल्यापासून.”

त्याच वेळी जिन्यातल्या बायका भराभर डोक्यावरचे पदर सावरत बाजूला सरल्या आणि लाल फेटा वर आला. मागे भावकीतले चौघे होते. गोमाजीराव उंबऱ्यातच थांबले.

सतरंजी खांबापासून पुढे ओढलेली होती. पांडूच्या आणि दाराच्या मध्ये आज काही नव्हते. पांडूने मान वळवली. त्याला दारात मामा दिसला.

पांडू ताडकन उठला. दोन्ही पायांवर सरळ उभा राहिला. हातातली पाने दातांत धरून दोन्ही हात जोडले आणि दातांतूनच म्हणाला, “राम राम मामा.”

 मग सयाजी चोरगे ओरडले. स्टँडवर कर्णा बंद पडला तरी त्यांचे चालते असे लोक म्हणत, ते त्या दिवशी सगळ्यांना समजले.

“उठला! पोलादपूर उठलं! डाव गेला!”

“डाव कुठला? ही तर मोजणी!” पांडूच्या तोंडातून पाने पडली. त्यात राणी होती, ती सगळ्यांना दिसली.

“डाव स्थगित होता. पाकिटं फोडली, पानं हातात दिली, डाव चालू झाला! पंच, खरं की नाही?”

भागोजीरावांचे फीत धरलेले हात तसेच राहिले. आयुष्यात प्रथमच त्यांना मोजायचे काय तेच समजत नव्हते. “नियम वाचावा लागेल,” ते म्हणाले. “पुठ्ठा आणा खाली.”

गोमाजीराव कोणाकडेच बघत नव्हते. ते भाच्याकडे बघत होते. उभ्या भाच्याकडे त्यांनी पायापासून टोपीपर्यंत पाहिले, मागे वळून भावकीला म्हणाले, “बघा, उठनं म्हंजी ह्ये,” आणि मग त्यांची नजर सावकाश सहदेवरावांवर आली.

सहदेवरावांनी उठायला सुरुवात केली.

“हलू नका!” भागोजीराव गरजले. “मोजणी चालू आहे!”

“उठू नका, डाव चालू आहे!” सयाजी म्हणाले. “जिंकलोय आपण!”

“अहो, उठा!” आनंदीबाई म्हणाल्या.

आवडी जिन्यातल्या अंधारात पदराचे टोक चावत होती. 

पुठ्ठा खाली आला. नववा नियम तीन वेळा मोठ्याने वाचला गेला. डाव चालू असणे म्हणजे काय, हे त्यात कुठेही लिहिलेले नव्हते. ‘अभिप्रेत काय होतं?’ असे भागोजीरावांनी नियमकर्त्याला विचारले. फितीखालून पुन्हा मुदतीची मागणी आली. पांडूने बसायला नकार दिला, कारण बसला तर उठला होता असे ठरेल. सहदेवराव उठल्याशिवाय आत पाऊल टाकायला गोमाजीरावांनी नकार दिला. भावकीतल्या एकाने मागून विचारले, “पाव्हण्यांच्या पायाला कळ लागली नसंल का?” त्याला गप्प बसवण्यात आले.

दिवेलागणीला मंडळाचा कंदील लावला गेला तेव्हा सहदेवरावांची डावी पोटरी थरथरत होती आणि टाळूवर फीत होती. खडूची हद्द भिंतीवर काढलेली होती. डोके तिच्या वर आहे की खाली, यावर कंदिलाच्या उजेडात दोन मते पडली.

पोलादपूरची शेवटची एस.टी. वेळेवर सुटली. स्टँडवरून आलेल्या माणसाने सांगितले, तीत लाल फेटा नव्हता. आनंदीबाई घरी जाऊन सहा माणसांचा भात जास्तीचा टाकून परत जिन्यात येऊन बसल्या आहेत. गोमाजीराव अजून उंबऱ्यातच आहेत.